हलक्या धक्क्याची काडतुसं आणि हरणाचा पहिला सीझन : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंदच झाली. त्यामुळे इथे येणाऱ्या बहुतेक मराठी माणसांनी हाताळलेली बंदूक म्हणजे फार तर एनसीसीतली .२२. मग ऑफिसातलं कुणीतरी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला चल म्हणतं, नेमबाजीच्या रेंजवर हातात .३०-०६ ची मोठी रायफल देतं, आणि पहिल्याच बाराला खांद्याला असा दणका बसतो की दुसऱ्या बाराच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. ही दचकण्याची सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. तिची किंमत हरणाला मोजावी लागते: गोळी छातीऐवजी पोटात लागते आणि जनावर जखमी होऊन रात्रभर जंगलात फिरतं. म्हणून सुरुवात हलक्या धक्क्याच्या काडतुसांनीच करा. त्यात कमीपणा काही नाही.

आधी कायदा, कारण इथे आपल्या लोकांची चूक हमखास होते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. ग्रीन कार्ड आल्यावर ही अट राहत नाही. नवराबायको दोघांनाही शिकायचं असेल तर परवाना दोघांचा वेगवेगळा लागतो, एकाच्या परवान्यावर दुसऱ्याला चालत नाही. दुकानात बंदूक घेतानाचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना पासपोर्ट, राज्याचं ओळखपत्र, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर आणि परवाना सोबत ठेवा.

धक्का कमी करण्यासाठी काहीजण झाडलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. अशी घरी काडतुसं भरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची. फेडरल कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. रिकामी पितळी पुंगळी, प्रायमर (तळाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), बंदुकीची दारू आणि नुसती गोळी हे सगळं त्यात येतं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. १ जुलैला नवा काढलेला नसेल, तर कपाटातला प्रायमरचा डबासुद्धा बेकायदेशीर ठरू शकतो. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. नोकरी गेली किंवा स्टेटस बदललं, तर सामानाचं काय करायचं ते त्याच आठवड्यात वकिलाला विचारा.

परवान्याआधी बहुतेक राज्यांत हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. राज्याराज्यांत नियम फार वेगळे आहेत. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल (तळाच्या मध्यभागी प्रायमर असलेली काडतुसं झाडणारी, म्हणजे नेहमीची शिकारी रायफल) चालतच नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. त्यामुळे एडिसनची मंडळी रायफल घेऊन पेनसिल्व्हेनियात जातात. ओहायो आणि दक्षिण मिशिगनमध्ये रायफल वापरायची तर सरळ भिंतीच्या (पुढे निमुळती मान नसलेल्या) पुंगळीची काडतुसं लागतात. तिथे .३५० लेजंड घ्या, त्याचा धक्का मुळातच कमी आहे आणि तुम्हाला पुढच्या बऱ्याच खटाटोपाची गरज नाही.

आता धक्का कशाने ठरतो ते. गोळीचं वजन, तिचा वेग, जळणाऱ्या दारूचं वजन आणि रायफलचं वजन, या चार गोष्टींवर. साडेसात पौंडांच्या .३०८ मधून १५० ग्रेनची (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड) गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास वेगाने सोडली, तर मागे येणारी ऊर्जा साधारण १७ फूट-पौंड भरते. तीच गोळी २२०० फुटांनी, कमी दारूत सोडली तर ती १० च्या जवळ येते. याउलट काडतूस तेच ठेवून रायफल नऊ पौंडांची घेतली तर १४ पर्यंतच उतरते. नवशिक्याला १० ते १२ पर्यंतचा धक्का बिनतक्रार झेपतो. दुकानातला माणूस ‘डोंगरात न्यायला हलकी’ म्हणून सहा पौंडांची रायफल पुढे करेल. पहिली रायफल म्हणून ती घेऊ नका.

दस्त्याच्या लांबीकडे तर कुणी बघतच नाही. बाजारातला नेहमीचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंच असतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला तो लांब पडतो, मग रायफल खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर टेकते आणि दुर्बीण भुवईला लागते. साडेबारा इंचांच्या आसपासचा कॉम्पॅक्ट किंवा यूथ दस्ता घ्या, त्यावर चांगलं रबरी पॅड लावा, आणि डोळा व दुर्बीण यांत साडेतीन इंच अंतर राहील अशी दुर्बीण बसवा. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, वायू बाजूला सोडणारा तुकडा) मात्र नको. तो धक्का कमी करतो पण आवाज भयंकर वाढवतो, आणि नवा माणूस धक्क्याइतकाच आवाजाला दचकतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घालावे.

काडतुसं घरी भरण्याआधी तयार मिळतात ती बघा. हॉर्नडीची कस्टम लाइट आणि रेमिंग्टनची मॅनेज्ड-रिकॉइल ही यासाठीच केलेली आहेत; .३०८ मध्ये दोन्हींची गोळी १२५ ग्रेनची. दोन डबे विकत घेऊन भागत असेल तर प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) घेऊच नका. हातभरणी परवडते ती वर्षाला दोन-तीनशे बार काढणाऱ्याला, किंवा ज्याच्या रायफलसाठी असली हलकी काडतुसं दुकानात मिळत नाहीत त्याला.

सामान म्हणाल तर सिंगल-स्टेज प्रेस, तुमच्या काडतुसाचे डाय (प्रेसमध्ये लावायचे साचे), तराजू आणि तो तपासायची वजनं, व्हर्नियर, पुंगळी कापायचं ट्रिमर, ५० भोकांचा लाकडी ठोकळा, नरसाळं. आणि दारू बनवणाऱ्या कंपनीचं चालू वर्षाचं मॅन्युअल. कुणाच्या वहीतला आकडा, कुणी फोनवर पाठवलेला आकडा, रेंजवर ऐकलेला आकडा, यांतलं काहीही वापरायचं नाही.

हलक्या भरणीत खरा धोका इथे आहे. कोणतीही दारू कमी घातली की धक्का कमी होईल, असं वाटतं. सावकाश जळणाऱ्या दारूच्या बाबतीत ते जीवघेणं ठरू शकतं. पुंगळी अर्धी रिकामी राहिली की दारू तळाशी आडवी पसरते, प्रायमरची ज्वाला तिच्यावरून जाते, जळण अडखळतं आणि मग दाब अचानक इतका चढतो की रायफल फुटते. म्हणून मॅन्युअलमध्ये जो किमान आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. याला एक मान्य अपवाद आहे: हॉजडन कंपनीची एच ४८९५. या दारूसाठी कंपनी स्वतःच सांगते की मॅन्युअलमधल्या कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली गेलं तरी चालतं. समजा तुमच्या गोळीला कमाल मात्रा ४५ ग्रेन दिली असेल, तर ४५ × ०.६ म्हणजे २७ ग्रेन ही तुमची खालची हद्द. आयएमआर ४८९५ नावाचीही एक दारू येते. आकडा तोच असला तरी दारू वेगळी आहे, हा नियम तिला लागू नाही. डब्यावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा. एकाच कंपनीच्या पुंगळ्या निवडा, पुसा, तोंडाशी तडा गेलेल्या फेकून द्या. वंगण लावून साइझिंग डायमधून काढा. त्यातच जुना प्रायमर निघतो. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते, पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) जास्त झालं तर तिथे खळगा पडतो. मग लांबी मोजा: .३०८ ला कमाल २.०१५ इंच, कापायची ती २.००५ वर. तोंडाची धार काढा, वंगण पूर्ण पुसा, नवा प्रायमर बसवा आणि बोटाने चाचपून तो तळाच्या पातळीखाली गेलाय ना ते बघा.

दारू भरताना टीव्ही, फोन, गप्पा बंद. प्रत्येक मात्रा तराजूवर तोला. भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात लावल्या की गोळ्या बसवण्याआधी वरून टॉर्च मारा आणि सगळ्या ओळी बघा. हलकी मात्रा पुंगळीत खूप खाली दिसते, त्यामुळे दोनदा भरलेली मात्रा नेहमीच सांडत नाही. ती शेजारच्या पुंगळीशी उंची ताडूनच ओळखावी लागते. शंका आली की त्या पुंगळीतली दारू ओतून पुन्हा तोला. मग गोळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण लांबीवर बसवा; .३०८ ला कमाल २.८१० इंच. डब्यावर दारूचं नाव, मात्रा, गोळी, प्रायमर आणि तारीख लिहा. पहिल्या खेपेला दहाच काडतुसं करा. विकायची मात्र नाहीत, त्याला फेडरल लायसन्स लागतं.

रेंजवर पहिल्या बारानंतर पुंगळी हातात घेऊन नीट बघा. मानेभोवती आणि खांद्यापर्यंत काळी काजळी आली असेल, तर दाब इतका कमी आहे की पितळ फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या भागाला) चिकटत नाही आणि वायू मागे सरकतोय. प्रायमर तळातून केसभर बाहेर डोकावत असेल तर नवा माणूस घाबरतो, त्याला दाब जास्त झालाय असं वाटतं. हलक्या भरणीत बहुधा उलट असतं: प्रायमर मागे ढकलला जातो आणि त्याला परत आत दाबण्याइतका दाब होत नाही. दोन्ही खुणांना उपाय एकच: मॅन्युअलच्या मर्यादेत अर्धा-अर्धा ग्रेन वर चढायचं. आणि एखादा बार ‘फुस्स’ झाला, धक्का जाणवलाच नाही, तर तिथेच थांबा. नळी सुरक्षित दिशेला रोखून अर्धा मिनिट थांबा, रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली तर नळी फाटते.

आता गोळीची निवड, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथेच करायला हवा. हरणाला मारते ती आत जाऊन फुलणारी गोळी, आणि फुलायला तिला वेग लागतो. १८० ग्रेनची जाड कवचाची गोळी हलक्या भरणीत सुईसारखी आरपार जाते. १२५ ग्रेनची पातळ कवचाची किंवा .३०-३० साठी केलेली १५० ग्रेनची गोळी कमी वेगातही फुलते. लिव्हर-ॲक्शन रायफलच्या (खालची कडी ओढून भरायच्या) नळीसारख्या मॅगझिनमध्ये मात्र टोकदार गोळी कधीच नको, तिथे काडतुसं एकामागे एक असतात आणि पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टोक आदळतं. बे एरियातल्या मंडळींपुढे वेगळीच अडचण आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी कुठेच चालत नाही, आणि अखंड तांब्याची गोळी फुलायला शिशाच्या गोळीपेक्षा जास्त वेग मागते. तिथे दारू कमी करण्यापेक्षा .२४३ किंवा ७एमएम-०८ सारखं मुळात मवाळ काडतूस पूर्ण ताकदीने, हलक्या तांब्याच्या गोळीसह वापरलेलं बरं.

कायद्याची खालची हद्दही बघा. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. १२५ ग्रेनची गोळी नळीतूनच सेकंदाला १८०० फुटांनी निघत असेल तर ती ९०० च भरते. म्हणजे ६० टक्क्यांची ती मात्रा सरावाची, शिकारीची नव्हे. सेकंदाला २४०० फूट असेल तर नळीपाशी १६०० च्या जवळ मिळतात आणि १०० यार्डांवर हिशोब आरामात बसतो. हे अंदाजाने ठरवू नका, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. अशा भरणीने १५० यार्डांपलीकडे बार काढू नये.

दुर्बीण सराव आणि शिकार दोन्हींसाठी एकदाच लावून चालत नाही. हलकं काडतूस त्याच रायफलमधून वेगळ्याच जागी लागतं, कधी चार-पाच इंच खाली, कधी बाजूलाही. शिकारीच्याच काडतुसांनी १०० यार्डांवर झीरो करा, म्हणजे दुर्बीण जिथे रोखली तिथेच गोळी लागेल अशी ती जुळवा. मित्राला मॅगझिनमध्ये मधूनच एक पोकळ डमी घालायला सांगा. चाप ओढल्यावर ‘खट’ आवाज झाला आणि नळी खाली डुचकली, तर दचकणं अजून गेलेलं नाही. त्या दिवशी मोठी रायफल ठेवून द्या आणि .२२ वर ५० बार काढा.

दारू आणि प्रायमर मूळ डब्यातच, उष्णतेपासून लांब आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात. अपार्टमेंटच्या करारात मनाई आहे का तेही आधी वाचा. भारतात जाताना शिकारीची सॅक विमानात नेऊ नका. तीच न्यावी लागली तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, अस्तर चाचपा. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि चुकून राहिलं हे तिथे पटवत बसावं लागतं.