रिंगर बदलण्याआधी जाळी बघा

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवतं आणि म्हणतं, "ताई, मना मोबाईलना आवाज ई नही राह्यना, रिंगर बदली द्या." रिंगर म्हणजे रिंग आणि गाणी वाजवणारा खालचा स्पीकर. मी आधी भिंग घेऊन त्याच्या छिद्रांवरची जाळी बघते. बऱ्याच फोनांना नवा पार्ट लागतच नाही, जाळी बुजलेली असते. हे काम घरी, चांगल्या उजेडात बसून कोणालाही जमतं. पण त्यासाठी टाचणी उचलली की साध्या धुळीचा खरा बिघाड होतो, आणि मग पैसे जातात ते जातातच.

मला या कामाची तळमळ आहे ती म्हाताऱ्या माणसांमुळे. पोरगा सुरतला कामाला, त्याचा फोन येतो, आईला नीट ऐकू येत नाही. घरात ठरून जातं की आता आईला ऐकू येईनासं झालं. फोन माझ्याकडे येतो तेव्हा वरच्या फटीत तेल, पावडर आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. तो काढला की त्याच कानांना सगळं ऐकू येतं. म्हणून घरातल्या मोठ्यांचे फोन आधी घ्या.

नक्की काय बंद आहे ते आधी शोधायचं. कॉलवर कानाला बारीक आवाज येतो पण स्पीकर ऑन केला की खणखणीत ऐकू येतं, तर वरचा इअरपीस बुजलाय. कॉल छान ऐकू येतो पण रिंग आणि गाणी दबकी वाजतात, तर खालचा रिंगर. तुम्हाला समोरच्याचं सगळं ऐकू येतं आणि तोच "हॅलो, हॅलो" करत बसतो, तर माइक. खाली चार्जिंगच्या दोन्ही बाजूंना सारखी छिद्रं दिसतात, पण बऱ्याच फोनांत रिंगर एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूच्या छिद्रांमागे माइक असतो. "एका बाजूचा स्पीकर गेला" म्हणून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नेटवर्कचा घोळ आहे की फोनचा, हे बघायला व्हॉट्सॲपवर आलेला एखादा व्हॉइस मेसेज लावा आणि फोन कानाला धरा. कानाजवळ नेल्यावर तो इअरपीसमधून वाजतो. तिथेही बारीक, तर दोष फोनमध्ये. तिथे स्वच्छ आणि कॉलवरच खराब, तर सिम आणि नेटवर्ककडे बघा. माइकसाठी दोन रेकॉर्डिंग करा, एक व्हॉइस रेकॉर्डरवर आणि एक मागच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ. रेकॉर्डर सहसा खालचा माइक वापरतो, व्हिडिओला वरचा किंवा कॅमेऱ्याशेजारचाही लागतो. एकात आवाज आला आणि दुसऱ्यात नाही, तर कोणता माइक बघायचा ते समजलं. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# आणि शाओमीत *#*#६४८४#*#* टाकलं की तपासणीचा पडदा उघडतो, त्यात स्पीकर आणि इअरपीस वेगवेगळे वाजवून बघता येतात. ब्लूटूथ चुकून कुठे जोडलेलं नाही ना, वर हेडफोनचं चिन्ह अडकलेलं नाही ना, आणि नव्या टफनची, म्हणजे स्क्रीनवर चिकटवलेल्या काचेची, कड इअरपीसच्या फटीवर चढलेली नाही ना, हेही बघून घ्या. टफन सरकलेलं असेल तर ते काढूनच पुढचं बोला.

आता आपल्याकडची धूळ. ती सगळी सारखी नसते, आणि प्रत्येकीला वेगळ्या रीतीने काढावं लागतं.

पहिली काळ्या मातीची. तापीच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की त्याला काळी पूड चिकटते, हा खेळ आपल्याकडच्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो. आपली माती बसाल्टच्या खडकाची, आणि त्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं. फोनच्या रिंगरमध्ये छोटा पण जोरदार नियोडिमियम चुंबक असतो. शेतात, ट्रॅक्टरवर, बांधावर फोन खिशात असला की त्या धुळीतले लोहाचे कण जाळीपाशी ओढले जातात आणि तिथेच धरून बसतात. फुंकर मारली की मातीचा भाग उडतो, काळे कण जागचे हलत नाहीत. भिंगातून बघाल तर जाळीच्या भोकांच्या कडेला ते केसांसारखे उभे दिसतात. लेथवर, वेल्डिंगवर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये हेच आणखी दाट असतं, आणि कण आत रिंगरच्या थरथरणाऱ्या पडद्यापर्यंत पोचले की आवाज फाटतो, किर्र वाजतो. हे कण चिकटवूनच काढायचे. कागद चिकटवायची निळी पुट्टी स्टेशनरीच्या दुकानात मिळते, तिची छोटी गोळी करून जाळीवर अलगद टेकवा आणि सरळ वर उचला. दाबू नका, नाहीतर पुट्टीच छिद्रात अडकते. प्रत्येक वेळी गोळीची नवी बाजू घ्या. पुट्टी नसेल तर साधी चिकटपट्टी चालते. वरून मोठा चुंबक धरून कण ओढायचा प्रयत्न कोणी करू नये, कॅमेऱ्याच्या फोकसमध्येही चुंबक असतात.

दुसरी कापसाची. वेचणीच्या दिवसांत आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या खिशात रुईचे तंतू असतातच. ते रिंगरपेक्षा हेडफोनच्या आणि चार्जिंगच्या भोकात जास्त जातात, चार्जरची पिन ते रोज आत दाबते, आणि तळाशी घट्ट गादी तयार होते. हेडफोनच्या भोकात अशी गादी झाली की पिन पूर्ण बसत नाही, एकाच कानात आवाज येतो. फोन बंद करा, भोक खाली धरा आणि लाकडी दातकोरणीने कडेकडेने तंतू सैल करून बाहेर ओढा. चार्जिंगच्या भोकात मधली जीभ नाजूक असते, तिला टेकू देऊ नका.

तिसरी पिठाची. उन्हाळ्यात पापड-बिबडे सुरू झाले की फोन परातीशेजारी असतो, गाणी लावलेली असतात, कोणीतरी पिठाच्या हातानेच कॉल उचलतं. उडदाचं पीठ आणि वाफ जाळीत एकत्र आली की खळ तयार होते आणि वाळून कडक बसते. इथे ओलं फडकं लावायचं नाही, पाणी मिळालं की ती आणखी आत सरकते. कोरड्या ब्रशनेच, वेळ देऊन सोडवायची. केळीचा चीक मात्र फोनला लागला तर ओला असतानाच पुसून घ्या, वाळला की त्यात धूळ बसून काळा होतो.

चौथी कानाकडची, म्हणजे घाम, तेल, क्रीम, पावडर. इअरपीसची फट याच थराने बुजते आणि हा थर कोरड्या ब्रशने पूर्ण निघत नाही.

साफ करायला लहान मुलांचा मऊ, नवा टूथब्रश पुरे. फोन बंद करा, कव्हर काढा, जाळी जमिनीकडे तोंड करून धरा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. ब्रश तिरका धरून एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. घासायचं नाही, केस छिद्रांवरून जाऊ द्यायचे. मग पुट्टी किंवा चिकटपट्टी, मग पुन्हा ब्रश. तेलकट थर असेल तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, आम्ही दुकानात त्याला आयपीए म्हणतो, ९९ टक्क्यांचं मोबाईल पार्टच्या दुकानात मिळतं. ब्रशचं टोक त्यात बुडवून नीट झटका, ओलसर राहिलं पाहिजे, टपकता कामा नये. जाळी खालीच धरून दोन-चार हात मारा आणि पूर्ण उडून गेल्यावरच फोन चालू करा. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून हे काम चुलीजवळ किंवा गॅसजवळ नको. त्याच्या जागी सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनर आणि पेट्रोल तर अजिबात नको, जाळीचा गम सुटतो आणि प्लास्टिक खराब होतं.

पंक्चरवाल्याकडची हवा मारून आणलेले फोन येतात तेव्हा वाईट वाटतं. त्या दाबाने रिंगरचा पडदा फाटतो आणि माइक कायमचा जातो. माइकमधला सिलिकॉनचा पडदा केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. सिमची पिन चुकून माइकच्या छिद्रात घातल्यानेही हेच होतं. सिमच्या ट्रेभोवती रेघ दिसते आणि तिचं छिद्र त्या रेघेच्या आत असतं. एकटं छिद्र दिसलं तर तिथे पिन घालू नका. माइकच्या छिद्राला वरून ब्रश आणि चिकटपट्टी, बस. आत काहीही घालायचं नाही.

पाणी गेलं असेल तर गोष्ट वेगळी. फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, सिमचा ट्रे काढा, छिद्रं खाली धरून तळहातावर हलके आपटा आणि पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका. ॲपलनेही आपल्या ग्राहकांना हेच सांगितलंय, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. उन्हातही नको. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्या उन्हात गच्चीवर ठेवलेला फोन सुकतो पण आतला गम सुटतो आणि बॅटरी फुगू शकते. फोन सुकून चालू झाला, आणि तरीही आवाज घोगरा असेल, तर जाळीत थेंब अडकलाय. शाओमीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर स्पीकर' असा पर्याय असतो, तो एक आवाज वाजवून पडदा हलवतो आणि पाणी-धूळ बाहेर ढकलतो. बाकीच्या फोनांवर १६५ हर्ट्झच्या आसपासचा सूर वाजवला तरी तेच काम होतं, फोन उलटा धरून वाजवा. चहा किंवा उसाचा रस सांडला असेल तर नुसतं सुकवून भागत नाही, साखर आत चिकटून राहते. तो फोन उघडून धुवावाच लागतो.

एवढं करूनही आवाज नाही, तर फोन उघडायची वेळ येते. वॉरंटीत असेल, मागे काच असेल किंवा बॅटरी फुगून झाकण वर आलेलं असेल, तर घरी उघडू नका. उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षणही पहिल्यासारखं राहत नाही. पण प्लास्टिकच्या पाठीचा साधा, जुना फोन असेल आणि हात स्थिर असेल, तर रिंगर बदलणं अवघड नाही. आधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या आणि फोन बंद करा. प्लास्टिकच्या पट्टीने कडेने झाकण सोडवत जा. मागे बोटाच्या ठशाचा सेन्सर असेल तर झाकण एकदम ओढू नका, त्याची पट्टी बोर्डाला जोडलेली असते आणि तीच सगळ्यात जास्त तुटते. स्क्रू कागदावर फोनचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला भोक पाडतो. मग पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकने उचलून सोडवायचं. त्याआधी कशालाही हात नाही.

खालच्या बाजूला काळा डबा दिसतो तो रिंगर. बऱ्याच फोनांत त्याला सोल्डर नसतं, दोन छोट्या स्प्रिंग त्याच्या सोनेरी ठिपक्यांना टेकतात. कित्येकदा दोष तिथेच असतो, ठिपके काळे पडलेले असतात. खोडरबराने हलके घासा, आयपीएने पुसा आणि दबलेली स्प्रिंग चिमट्याने किंचित वर उचला. मल्टिमीटर असेल तर २०० ओहमवर लावून दोन्ही ठिपक्यांना सळ्या टेकवा. रिंगर साधारण ८ ओहम दाखवतो आणि सळी टेकताना आतून बारीक 'कट्' ऐकू येतो. इअरपीस बहुधा ३२ च्या आसपास असतो, स्टिरिओ फोनांत ८ च्या जवळही. मीटर हललाच नाही तर कॉइल तुटली, पार्ट बदला. आकडा बरोबर पण आवाज फाटका, तर पडदा गेलाय. पडद्याला फेविक्विक लावून जोडायचा नाद सोडा, तोही बदलायचाच. नवा रिंगर घेताना जुना सोबत न्या, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे डबे दिसायला सारखे आणि स्क्रूच्या भोकात वेगळे असतात. माइक मात्र स्वस्त फोनांत चार्जिंगच्या छोट्या बोर्डावरच असतो, तेव्हा तो अख्खा बोर्डच बदलावा लागतो. रिंगर, इअरपीस आणि माइक तिन्ही एकदम बंद असतील तर दोष मुख्य बोर्डावरच्या ऑडिओ आयसीचा, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या चिपचा, असू शकतो, ते काम दुकानातलंच.

झाकण चिकटवण्याआधी बॅटरी जोडून फोन चालू करा. रिंग वाजवा, घरातल्याच दुसऱ्या फोनवरून कॉल लावून दोन्ही बाजूंनी बोलून बघा, व्हिडिओ रेकॉर्ड करून ऐका. सगळं ठीक असेल तर फोन बंद करून कनेक्टर पुन्हा सोडवा, स्क्रू जागेवर लावा, कनेक्टर बसवा आणि कडेने गमची बारीक रेघ ओढा. जाळीपासून गम लांब ठेवा, थेंब पसरला तर सगळी मेहनत वाया जाते. झाकण बसवून दोन-तीन रबर बँड लावा आणि रात्रभर तसाच राहू द्या, चार्जिंग सकाळी.