डॉक्युमेंट्स फोल्डर ऑफिसच्या सर्व्हरवर कसा हलवावा

डोमेन (ऑफिसचे सगळे पीसी आणि युजर एका सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था) सुरू आहे, युजर आणि ग्रुप तयार आहेत, बॅकअप रोज होतोय, एवढं मी गृहीत धरतो. आता सगळ्यांच्या फाइल्स त्यांच्या पीसीवरून विंडोज सर्व्हरवर आणायच्या आहेत.

त्यासाठी रोमिंग प्रोफाइल, म्हणजे युजरच्या फाइल्स आणि सेटिंग्जचा अख्खा संच सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत, सुचवणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. रोमिंगमध्ये लॉगिन-लॉगआउटच्या वेळी प्रोफाइलची ने-आण होत राहते आणि डेस्कटॉपवर व्हिडिओ ठेवणाऱ्याचा पीसी सकाळी उघडतच नाही. शिवाय नावाशेवटी विंडोज 7 साठी ‘व्ही2’ आणि विंडोज 10 च्या 1607 आवृत्तीपासून ‘व्ही6’ असे एकाच माणसाच्या प्रोफाइलचे फोल्डर वेगळे पडतात. ग्रुप पॉलिसीतलं (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागू होणाऱ्या नियमांतलं) फोल्डर रिडायरेक्शन घ्या. त्यात डॉक्युमेंट्स थेट सर्व्हरवरच राहतात.

डेटा ड्राइव्हवर एक फोल्डर करून शेअर करा. शेअरच्या नावाशेवटी डॉलरचं चिन्ह द्या, म्हणजे नेटवर्क चाळताना तो दिसणार नाही.

आता परवानग्या. या टप्प्यानं मला सुरुवातीला फार छळलं होतं, म्हणून इथे घाई करू नका. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरची आणि एनटीएफएसची (ड्राइव्हवरच्या फोल्डरची, सिक्युरिटी टॅबमधली) अशा दोन्ही परवानग्या लागतात, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. शेअरमध्ये ऑथेंटिकेटेड युजर्सना फुल कंट्रोल दिला तरी चालतो. खरा बंदोबस्त सिक्युरिटी टॅबमध्ये करायचा. ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या, चालून जाईल’ हा सल्ला तिथे पाळलात, तर पगाराची शीट अख्ख्या ऑफिसला उघडी पडते.

इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप खाली येणं) बंद करा आणि चारच नोंदी ठेवा. सिस्टीम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांना सगळीकडे फुल कंट्रोल. क्रिएटर ओनरला, म्हणजे फोल्डर बनवणाऱ्या मालकाला, फुल कंट्रोल, पण फक्त सबफोल्डर आणि फाइल्सवर. कर्मचाऱ्यांच्या ग्रुपला लिस्ट फोल्डर, रीड अ‍ॅट्रिब्यूट्स आणि क्रिएट फोल्डर्स, आणि ‘अप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर ओन्ली’. हा शेवटचा पर्याय निवडायचा राहिला, तर ग्रुपची परवानगी खाली झिरपते आणि कुणीही कुणाच्याही फोल्डरमध्ये डोकावू शकतो.

माणसांच्या नावाचे फोल्डर आधीच हातानं बनवून ठेवू नका. तुम्ही बनवलेल्या फोल्डरचे मालक तुम्ही, कर्मचारी नव्हे, आणि तिथेच रिडायरेक्शन अडतं. पहिल्या लॉगिनला फोल्डर आपोआप बनू द्या.

फोल्डर रिडायरेक्शनच्या पॉलिसीत ‘ग्रँट द युजर एक्सक्लुझिव्ह राइट्स’ (फोल्डरवर फक्त त्या युजरचा हक्क) या चौकोनात आधीपासूनच टिक असते. ती पहिल्या लॉगिनच्या आधी काढा, काढाच. राहिली तर अ‍ॅडमिनलाही तो फोल्डर उघडत नाही. माणूस नोकरी सोडून गेला आणि साहेबांना त्याचं कोटेशन तातडीनं हवं असलं की मालकी हिसकावत बसावं लागतं. नंतर टिक काढून आधी बनलेले फोल्डर सुधारत नाहीत.

आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवणारी फाइल, बहुधा डॉक्युमेंट्समध्येच असते. नेटवर्कवरून पीएसटी चालवणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, ती बिघडते. आधी ती सी ड्राइव्हवर हलवा आणि तिच्या बॅकअपची वेगळी सोय करा.

दोन चाचणी युजर करा. एकानं दुसऱ्याच्या फोल्डरचा पूर्ण पाथ टाइप करून पाहावा. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं तरच पुढे जा. बाकीच्यांना पाच-पाचच्या गटानं घ्या, कारण पहिल्या लॉगिनला फाइल्स सरकायला वेळ लागतो.

प्रत्येकाला जागेची मर्यादा, म्हणजे कोटा, लावा. शॅडो कॉपी, म्हणजे फाइल्सच्या आधीच्या प्रती सर्व्हरवर ठेवण्याची सोय, सुरू करा. चुकून उडवलेली फाइल लोक स्वतःच परत आणतील, पण तो बॅकअप नव्हे.

कुणी नोकरी सोडली तर अकाउंट डिसेबल करा, डिलीट नको. त्याच नावानं पुन्हा बनवलेल्या अकाउंटचा सिड (विंडोज अकाउंट ओळखतं तो क्रमांक) वेगळा असतो, त्यामुळे जुन्या परवानग्या त्याला लागू होत नाहीत. पीसीवरचं त्याचं प्रोफाइल सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या युजर प्रोफाइल्समधूनच काढा. यूजर्समधला फोल्डर नुसता उडवलात तर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) नोंद मागे राहते, आणि तो माणूस परत आला की टेम्पररी (तात्पुरत्या) प्रोफाइलवर लॉगिन होतो.