जुनं एस्प्रेसो मशीन: आधी दुरुस्ती, मग आवाज

जुनं एस्प्रेसो मशीन चालू केल्यावर जो खडखडाट होतो, तो सगळा पंपाचा नसतो. पंप ज्याला टेकलेला असतो त्या पत्र्याचा, नळीचा, टाकीचा आणि वर रचलेल्या कपांचा त्यात मोठा वाटा असतो. पण पंप हवा ओढत असेल किंवा वाट तुंबलेली असेल, तर कितीही रबर लावा, तो ओरडतच राहणार. म्हणून आधी दुरुस्ती. खालची माहिती एक बॉयलर आणि व्हायब्रेशन पंप (विजेच्या कॉइलने आतला दट्ट्या मागेपुढे हलवून पाणी ढकलणारा छोटा पंप) असलेल्या मशीनसाठी आहे. घरगुती वापरात हीच जास्त दिसतात.

घेतानाच मागची पट्टी वाचा. आपल्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हवं. अमेरिकेतून आलेलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ६० हर्ट्झचा पंप ५० वर जास्त करंट ओढून तापतो. कॉफी भरून मशीनला अडकवायचं हँडल आणि त्यातली गाळणी सोबत नसेल तर किंमत पाडून मागा, कारण नेमक्या मापाचं हँडल मिळवणं हेच सगळ्यात कटकटीचं काम आहे.

उघडण्याआधी प्लग काढा आणि बॉयलर पूर्ण गार होऊ द्या. वायरिंगचे फोटो काढून ठेवा. मग मल्टिमीटरने हीटर तपासा: १००० वॅटचा साधारण ५३ ओहम दाखवतो, १४०० वॅटचा ३८. हीटरची टोकं आणि बॉयलरचं अंग यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बंद पडून राहिलेल्या मशीनच्या हीटरमध्ये ओल शिरते आणि चालू करताच अर्थ लीकेजचा ब्रेकर पडतो. हीटर काढता येत असेल तर १०० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास वाळवून पुन्हा मोजा. तरीही ब्रेकर पडला तर नवा घाला. अर्थिंगची वायर सोडून किंवा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) वगळून वायर थेट जोडून मशीन चालवणं जिवावर बेतू शकतं. प्लगही सोळा ॲम्पियरचाच वापरा.

आता क्षार. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. बॉयलर भरेपर्यंत पंप चालवा, १५ मिनिटं थांबा, थोडं सोडा, पुन्हा थांबा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर द्रावण रात्रभर ठेवू नका, धातू खाल्ला जातो. शेवटी किमान दोन लिटर साधं पाणी सोडा. पाणी निळसर-हिरवं आलं तर तांबं सुटतंय असं समजा आणि स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. थर जाड असेल तर बॉयलर उघडूनच साफ करावा. नाहीतर सुटलेल्या खपल्या सोलेनॉइड वॉल्व्हच्या (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकात अडकतात, आणि बरं चाललेलं मशीन साफसफाईनंतरच बंद पडतं.

हँडलच्या कडेने पाणी येत असेल तर ग्रुपहेडचं (हँडल जिथे अडकतं त्या भागाचं) गॅस्केट, म्हणजे रबराची कडी, कडक झालंय. ग्रुपहेडची जाळी काढा, गॅस्केटमध्ये समोरासमोर दोन लाकडी स्क्रू पिळा आणि पकडीने ओढा. खाचेतला काळा थर खरवडून काढल्याशिवाय नवं बसवू नका, ते वाकडं बसतं. जाडी व्हर्नियरने मोजा; ५८ मिलिमीटरच्या ग्रुपमध्ये ८ आणि ८.५ अशी दोन्ही मापं आढळतात. बेळगावात उद्यमबागेकडे सील-ओरिंग शोधायला गेलात तर फूड-ग्रेड सिलिकॉन किंवा ईपीडीएम (उष्णता सोसणारं रबर) असलेलंच मागा, हायड्रॉलिक तेलाचं काळं सील नको. ग्रीसही फूड-ग्रेड सिलिकॉनचंच लावा; पेट्रोलियम ग्रीसने ईपीडीएम फुगतं.

आता आवाज. झाकण उघडं ठेवायचं तर आतल्या वायर आणि बॉयलर यांपासून हात लांब ठेवा. पंप चालू करून आधी ऐका. सुरुवातीचा मोठा घर्र आवाज दाब चढल्यावर जड आणि खोल झाला, तर पंप ठीक आहे. आवाज चढा, कोरडा राहिला आणि पाणी येत नसेल तर हवा अडकली आहे. वाफेचा नळ उघडून पंप दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत चालवा. तरीही पाणी ओढत नसेल तर प्लग काढून पंपाच्या आत येणाऱ्या नळीतून सिरिंजने पाणी भरा.

मग पंप चालू असताना बाहेरून एकेक पत्रा तळहाताने दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज मरतो, तिथला स्क्रू सैल आहे किंवा पत्र्याला पत्रा घासतोय. ठिबकथाळी आणि कपांची जाळी काढूनही ऐका; पुष्कळ वेळा अर्धा खडखडाट तिथेच संपतो. टाकीत उतरणाऱ्या दोन सिलिकॉन नळ्या टाकीच्या भिंतीवर थडथडत असतील तर त्या थोड्या कापून मोकळ्या लोंबू द्या.

पंप ज्यांवर बसवलेला असतो ते दोन्ही रबर बुश दाबून पाहा. प्लास्टिकसारखे कडक किंवा चिरलेले असतील तर बदला. आवाजात सगळ्यात मोठा फरक याच स्वस्त भागाने पडतो. पंप दोन बुशांवर तरंगता राहिला पाहिजे, त्याची बॉडी किंवा वायर कुठे टेकता कामा नये. पंपापासून बॉयलरकडे जाणारी नळी सांगाड्याला घासत असेल तर तिला वळण देऊन लांब करा. ही दाबाची बाजू आहे: इथे पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळीच हवी, मऊ सिलिकॉन नळी फुटून उकळतं पाणी अंगावर येईल.

कार-ऑडिओच्या दुकानात मिळणारी ब्यूटाइल शीट (पत्र्याची थरथर शोषणारी चिकट रबरी शीट) बाजूच्या आणि तळाच्या गार पत्र्यांना आतून चिकटवा, बॉयलरजवळ नको. पंपाला फोम गुंडाळण्याचा मोह मात्र टाळा. उल्का ईपी-५ सारख्या पंपांना दोन मिनिटं चालवून एक मिनिट विश्रांती द्यायची असते. गुंडाळलेला पंप तापून मध्येच बंद पडतो. एवढं करूनही पंप गप्प बसणार नाही, कारण आतला दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा आपटतो. त्याची घरघर राहते, खडखड जाते.

कॉफी चिकोरी नसलेली घ्या, चिकमंगळूरची असो की कोडगूची. नेहमीच्या फिल्टर कॉफीतली चिकोरी दाबाखाली चिकट होऊन गाळणी तुंबवते, आणि मशीन बिघडल्यासारखं वाटतं.

पाण्याचं गणित गावागणिक बदलतं. खानापूरकडचं पाणी बहुधा मऊ, अथणी-चिकोडीकडचं बोअरचं पाणी जड. किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर आरओच्या तीन भाग पाण्यात एक भाग नळाचं मिसळून टाकी भरा. निव्वळ आरओ नको, ते धातूला खातं. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी वरचंच सायट्रिक ॲसिड एकदा फिरवा.