गुन्ह्याची नोंद आणि सीमाभागातील मराठी माणूस : नाव मोकळे करण्याच्या कायदेशीर वाटा

सैन्यभरतीत मैदान मारले, लेखी परीक्षाही उत्तीर्ण झाली आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी सीमाप्रश्नी १ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या सात-आठ वर्षांपूर्वीच्या फेरीतला गुन्हा पुढे आला, असा प्रसंग बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील घरांत आला की सगळे घर हवालदिल होते. कुणाचा पासपोर्ट अडतो, तर महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतील उमेदवार म्हणून महाराष्ट्रात नोकरीसाठी अर्ज केलेल्या कुणाची कागदपत्रे तपासणीत थांबतात. अशा वेळी लोक एकच प्रश्न विचारतात : ही नोंद पुसायची कशी?

याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. ‘माझी गुन्ह्याची नोंद काढून टाका’ असा एक अर्ज केला आणि काम झाले, अशी सोय आपल्या कायद्यात प्रौढ व्यक्तीसाठी नाही. मात्र खटला ज्या टप्प्यावर आहे, त्या टप्प्यापुरती एक-दोन दारे उघडी असतात. तपास चालू असताना जे करता येते ते शिक्षा झाल्यावर करता येत नाही. म्हणून आपले प्रकरण नेमके कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी कागदावरून ठरवावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

त्यासाठी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने शोध घ्यावा आणि हा शोध एकाच स्पेलिंगवर थांबवू नये. आपली मराठी नावे कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना बदलतात. आडनाव गळते, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते, कधी केवळ गावाचे नाव लागते. पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक वेगळा असतो आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यावर न्यायालयाने दिलेला सी.सी. क्रमांक वेगळा असतो. दोन्ही लिहून ठेवावेत. बेळगाव शहर आणि लगतचा काही भाग पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतो, तर खानापूर, निपाणी, चिकोडीची ठाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आहेत. त्यामुळे एकाच माणसाच्या नोंदी दोन कार्यालयांत विखुरलेल्या असू शकतात. एफआयआर आणि दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. त्या कन्नडमध्ये असतात, म्हणून चांगले कन्नड येणाऱ्या माणसाकडून त्या शब्दशः वाचून घ्याव्यात आणि त्यांचा मराठी अनुवाद करून ठेवावा. वकिलाने सांगितलेला गोषवारा पुरेसा नाही. आपल्यावर नेमके कोणते कृत्य केल्याचा आरोप आहे आणि साक्षीदार आपले नाव घेतात की केवळ जमावाबद्दल बोलतात, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी होते. ‘किरकोळ कलम आहे, कबूल कर, पाचशे-हजार दंड भर आणि मोकळा हो’ असा सल्ला न्यायालयाच्या आवारात सहज मिळतो. लोक अदालतीच्या दिवशी तर तो अधिकच मिळतो. तारखांना कंटाळलेला तरुण तो ऐकतो. पण गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी. त्या क्षणापर्यंत तो केवळ आरोपी असतो, सही केल्यावर तो शिक्षा झालेला गुन्हेगार ठरतो. कबुलीनंतर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपीलही जवळजवळ बंद होते, कारण ते केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरतेच करता येते. ज्याला पुढे सरकारी नोकरी, पासपोर्ट किंवा परदेशाचा व्हिसा हवा आहे, त्याने ही सही वकिलाशी नीट चर्चा केल्याशिवाय करू नये.

तपास चालू असेल किंवा दोषारोपपत्र आले असेल, तर गुन्हाच रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाकडे जाता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८ झाले आहे. ही नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. बेळगाव आणि उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यांतील लोकांसाठी हे काम कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात चालते, तर बिदर जिल्ह्यातील लोकांना कलबुर्गी खंडपीठाकडे जावे लागते. कोणत्या परिस्थितीत गुन्हा रद्द होऊ शकतो याचे दाखले सर्वोच्च न्यायालयाने भजनलाल प्रकरणात (१९९२) घालून दिले आहेत. एफआयआर जशीच्या तशी खरी मानली तरी तिच्यातून गुन्हाच दिसत नसेल, हा त्यांपैकी महत्त्वाचा दाखला.

आंदोलनाच्या खटल्यांत काही मुद्दे विशेष तपासून पाहावेत. जमावबंदीचा किंवा फेरीबंदीचा आदेश मोडला म्हणून भारतीय दंड संहितेचे कलम १८८ (आता भारतीय न्याय संहितेचे २२३) लावले असेल, तर ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार करणे बंधनकारक आहे. ठाण्याने केवळ एफआयआर नोंदवून दोषारोपपत्र ठेवले असेल, तर त्या कलमाखालची कारवाई टिकत नाही. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचे कलम १५३-अ (आता १९६) असेल, तर न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. ती फाइलमध्ये आहे का आणि कोणत्या तारखेची आहे, ते पाहावे. मुदतीचाही प्रश्न असतो. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल एका वर्षात आणि एक ते तीन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांत घ्यावी लागते. न्यायालय हा विलंब माफ करू शकते, पण त्यासाठी कारण द्यावे लागते. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्याचे कलम ३५३ (आता १३२) मात्र तडजोडीने मिटत नाही. ते लावलेले असेल, तर प्रत्यक्ष कोणी कोणाला काय केले, हे साक्षीत आहे की नाही यावर भर द्यावा लागतो.

घरगुती भांडण, शेताच्या बांधावरची हाणामारी, पैशांचा व्यवहार अशा खाजगी प्रकरणांत वाट अधिक सोपी आहे. कायद्याने तडजोडयोग्य ठरवलेल्या गुन्ह्यांत फिर्यादी आणि आरोपी यांनी न्यायालयासमोर तडजोड केली, तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. वर सांगितलेली कबुली आणि ही तडजोड यांतला फरक जमीन-अस्मानाचा आहे, आणि लोक अदालतीत दोन्ही एकाच दिवशी होत असल्यामुळे तो नीट ध्यानात ठेवावा. गुन्हा तडजोडयोग्य नसला, पण वाद मुळात खाजगी असला, तर ज्ञानसिंग प्रकरणाच्या (२०१२) निर्णयानुसार उच्च न्यायालय तो समझोत्याच्या आधारे रद्द करू शकते. खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गंभीर गुन्ह्यांना ही सवलत नाही.

धारवाडला जाण्याआधी खालच्या न्यायालयात आरोपमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या संहितेने त्याला साठ दिवसांची मुदत घातली आहे. सत्र खटल्यात ती खटला सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून मोजली जाते आणि दंडाधिकाऱ्यांसमोरच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून. पोलिसांनीच पुरावा नाही किंवा तक्रार चुकीची आहे म्हणून ‘बी रिपोर्ट’ दिला असेल, तर तो न्यायालयाने स्वीकारल्याचा आदेश हाती आल्याशिवाय प्रकरण संपले असे समजू नये.

सरकारने खटले मागे घ्यावेत ही मागणी सीमाभागात वारंवार होते, म्हणून तिचा कायदा समजून घ्यावा. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने करायचा असतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते (फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ३२१, नागरिक सुरक्षा संहितेचे नवे ३६०). मंत्रिमंडळाचा निर्णय झाला म्हणजे खटला संपला, असे होत नाही. कर्नाटक सरकारने ४३ खटले मागे घेण्याचा काढलेला आदेश उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला, तो सरकारी वकिलाने स्वतःची बुद्धी वापरून निर्णय घ्यावा या तत्त्वावरच. आरोप निश्चित होण्याआधी खटला मागे घेतला गेला तर आरोपमुक्ती मिळते, नंतर घेतला गेला तर निर्दोष मुक्तता. आदेशात यांपैकी कोणता शब्द आहे, ते वाचून घ्यावे.

पुण्या-कोल्हापुरात कामाला गेलेल्या कित्येकांना आपल्याविरुद्ध वॉरंट निघाल्याचे ठाऊकच नसते. अशा वेळी न्यायालय हजर आरोपींचा खटला चालवते आणि गैरहजर माणसाचा खटला वेगळा काढते. गावातले बाकीचे सगळे सुटलेले असतात आणि याचे नाव तेवढे प्रलंबित राहते. त्याने वकिलामार्फत स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्यावे. सहआरोपी ज्या पुराव्यावर सुटले तोच पुरावा त्याच्याविरुद्ध असेल आणि तो वेगळा काढता येत नसेल, तर त्या निकालाची प्रमाणित प्रत जोडून धारवाडला कार्यवाही रद्द करण्याची मागणी करावी.

घटनेच्या दिवशी वय अठरापेक्षा कमी असेल, तर कायदा सर्वांत उदार आहे, आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. फेरीत सामील झालेली शाळा-कॉलेजची मुले कित्येकदा प्रौढ म्हणून नोंदवली जातात. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते आणि ते नसल्यास महापालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. एकदा बालक ठरल्यावर त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर किंवा सात वर्षांनी नोंद नष्ट करावी लागते, आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी उघड करण्यास पोलिसांना मनाई आहे. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयोगटातील ज्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला त्याचा.

निर्दोष सुटल्यावरही काम उरते. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ती संबंधित ठाण्यात पोच घेऊन द्यावी, म्हणजे संगणकातील नोंदीसमोर निकाल चढेल. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम २०२२ नुसार बोटांचे ठसे, छायाचित्रे यांसारखी मापे ७५ वर्षे जपली जातात, पण पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला आणि वरचे सगळे उपाय संपले, तर ती नष्ट करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, दंडाधिकाऱ्यांनी लेखी कारण देऊन उलट आदेश दिला नसेल तर. प्रौढासाठी नोंद खरोखर पुसण्याच्या जवळ जाणारी तरतूद एवढीच आहे, म्हणून तिचा अर्ज लेखी द्यावा. ‘रावडी शीट’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती न्यायालयाची नोंद नसून कर्नाटक पोलीस मॅन्युअलच्या आदेश १०५९ खालची ठाण्यातील गुंडांची नोंदवही आहे, आणि खटल्यातून सुटल्यावर ती आपोआप बंद होत नाही. सर्व निकाल जोडून पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात उपायुक्तांकडे ती बंद करण्याचा अर्ज करावा, आणि नकार मिळाला किंवा उत्तरच आले नाही तर धारवाडला रिट याचिका करावी.

नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारले असेल, तर निर्दोष सुटलेल्यानेही खरे लिहावे. अवतारसिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की विचारलेली माहिती खरी द्यावी, आणि ती दिल्यावर नेमणूक करणाऱ्याने गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. लहान गुन्हा अनेकदा क्षम्य ठरतो, पण तो लपवल्याचे उघडकीस आले की हातची नोकरी जाते. खटला चालू असताना पासपोर्ट हवा असेल, तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार ज्या न्यायालयात खटला आहे तेथून परवानगीचा आदेश घ्यावा. त्यात मुदत लिहून घ्यावी, नाहीतर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो.

शिक्षा झाली असेल, तर पहिली वाट अपिलाची. दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवसांत, सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवसांत. उशीर झाल्यास कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. पहिलाच गुन्हा असेल, तर परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ खाली ताकीद किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सुटका मागावी. कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता लागू होत नाही. मात्र मूळ दोषसिद्धी राहते, त्यामुळे नोकरीत असलेल्याविरुद्ध खातेनिहाय कारवाई होऊ शकते.

माफी ही शेवटची आणि दुर्मीळ वाट. राज्याच्या अखत्यारीतील विषयाच्या कायद्याखालील शिक्षेसाठी घटनेच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे आणि केंद्राच्या विषयासाठी अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींकडे अर्ज करता येतो. निर्णय प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो. यात शब्द जपून वापरावेत. शिक्षेत सूट मिळाली तर तुरुंगातील दिवस कमी होतात, दोष तसाच राहतो. पूर्ण क्षमादानानेच दोषाचा परिणाम मिटतो, म्हणून अर्जात काय मागतो आहोत ते स्पष्ट लिहावे. घटनेच्या अनुच्छेद ३५० ने तक्रार निवारणासाठीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा मूळ अर्ज मराठीत लिहायला हरकत नाही. त्यासोबत कन्नड किंवा इंग्रजी अनुवाद जोडला तर फाइल लवकर हलते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि ज्यांचा खटला पूर्वीच निकाली निघाला आहे, त्यांनी निकालाच्या दोन प्रमाणित प्रती आजच काढून घराच्या कागदपत्रांत ठेवाव्यात, कारण जुन्या खटल्यांची दप्तरे ठरावीक वर्षांनी न्यायालय नष्ट करते आणि त्यानंतर आपण सुटलो होतो हे दाखवायला कागदच उरत नाही.