कथास्पर्धेला कथा पाठवताय?

कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्याच सुमारास आमच्या सिंधुदुर्गात ठिकठिकाणी कथास्पर्धा होतात, शालेय आणि खुल्या गटाच्या. परीक्षक म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे वाचते, म्हणून सांगते.

आधी नियमपत्रक वाचा. हजार शब्द म्हणजे हजारच. नाव वेगळ्या कागदावर लिहा, कथेच्या पानावर नको. टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टची फाइल उघडली की पडद्यावर नुसत्या किडामुंग्या.

विषय ‘पाऊस’ असेल तर ढगांपासून सुरुवात नको, बाई! वीस कथा तशाच येतात. लावणीच्या चिखलात कुणाची चप्पल रुतली, तिथून सुरू करा. आजी मालवणी बोलत असेल तर ‘खंय चललंस?’ असंच विचारू दे तिला. तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घातलीत की आजी मेलीच.

पालकांनो, शुद्धलेखन तेवढं बघा, बाकी हात लावू नका. सातवीतली मुलगी ‘अस्तित्वाची पोकळी’ लिहिते तेव्हा आम्हाला कळतं हो.

मग मोठ्याने वाचा. अडखळाल तिथे वाक्य तोडा. शेवटी बोध चिकटवलेला असेल तर खोडा. आणि एक प्रत घरी ठेवा. हस्तलिखितं सहसा परत मिळत नाहीत.