जाम झालेलं इंजिन असं सुटलं

१२ वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली जुनी गाडी घेतली, तेव्हा मला पानासुद्धा नीट धरता येत नव्हता. इंजिन पूर्ण जाम. स्टार्टर मारायचा मोह आवरला, तेच बरं झालं. गाडी न्यूट्रलला ठेवून चारही स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडलं. रोज थोडं तेल, मग क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टवरच्या चाकाच्या) नटाला लांब दांड्याचा पाना लावून हलकेच मागेपुढे. जोर अजिबात नाही, नाहीतर पिस्टनच्या रिंगा तुटतात. सहाव्या दिवशी पाना केसभर सरकला! अंगावर काटा आला.

प्लग न लावता इंजिन हातानेच फिरवून आतलं तेल बाहेर काढलं, इंजिन ऑइल बदललं. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालं होतं. टाकी धुतली, कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाणारी बारीक छिद्रं, साफ केले. काल इंजिन धडधडलं. ब्रेकचे सिलिंडर मात्र गंजलेत, ते होईपर्यंत गाडी जागची हलवणार नाही.