ग्राफ्ट उडतोय म्हणजे रक्त वाहतंय असं नाही

एमएस करून व्हॅस्क्युलरला (रक्तवाहिन्यांच्या सर्जरीला) नुकतेच आलेल्यांसाठी लिहितोय. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिल्यावर 3 ते 5 मिनिटं थांबून क्लॅम्प लावायचा, शेवटची गाठ मारण्याआधी दोन्हीकडून फ्लश करायचं, हे तुम्हाला येतं. मी अडकलो ते भलतीकडेच.

साठीचे काका, डायबेटिस, जन्मभराची तंबाखू, पायाचा अंगठा काळा पडलेला. फेम-पॉप बायपास, म्हणजे मांडीच्या धमनीपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत रक्ताला नवी नळी, ग्राफ्ट, जोडायची. खालची ॲनास्टोमोसिस, म्हणजे ग्राफ्ट-धमनीचा जोड, सरांनी मला दिली. 6-0 प्रोलीनचा बारीक दोरा, हात थरथरला नाही. क्लॅम्प काढला, ग्राफ्टवर बोट ठेवलं, ठोका दणदणीत. ‘सर, मस्त पल्स आहे,’ म्हणालो. सरांनी डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) मागवला. जोडाच्या खाली प्रोब टेकवला तर नुसती खरखर.

पुन्हा उघडलं. धमनीचा आतला थर उचकटून झडपेसारखा आडवा आला होता. माझी सुई तिथे बाहेरून आत गेली होती. धमनीत सुई आतून बाहेरच काढा, विशेषतः कडक प्लाक (धमनीत साचलेला चरबी-चुन्याचा साठा) असेल तिथे.

पण खरी चूक टाक्याची नव्हती, बोटावर विसंबण्याची होती. पुढे वाट बंद असली तरी ग्राफ्ट उडतो, उलट जास्तच जोरात, कारण रक्ताचा धक्का आदळून मागे येतो. म्हणून जोडाच्या खाली डॉप्लर लावा आणि ग्राफ्ट चिमटीत दाबा. आवाज पडला तर तो ग्राफ्टचा. तसाच राहिला तर कोलॅटरलचा, म्हणजे आजूबाजूच्या पर्यायी वाहिन्यांचा, त्यावर खूश होऊ नका. शंका उरली तर टेबलावरच अँजिओग्राम. ‘उशीर होतोय’ हे कारण कोणी दिलं तर ऐकू नका.

तो थर टाके घालून बसवला. काकांचा अंगठा गेला, पाय राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरी घाबरून मागे उभे राहू नका. सर समोर हात धुऊन उभे असतील, तर शिकाऊ हातातही पेशंट सुरक्षित राहतो. सर कॅन्टीनमध्ये असतील तर मात्र क्लॅम्प लावू नका, लॉगबुकमधला ऑपरेशनांचा आकडा गेला खड्ड्यात. माझ्या मते हातातून नीडल होल्डर काढून घेणारे सर परवडले. चूक दिसत असून गप्प राहणारे नकोत. आणि टाके कोण घालणार, ते पेशंटला आदल्या दिवशीच सांगा.

वॉर्डात नेण्याआधी, पायावर डॉप्लरचा आवाज मिळाला तिथे मार्करने फुली मारा. रात्रीच्या सिस्टरला जागा शोधत बसावं लागत नाही. पोटरी दगडासारखी झाली, बोटं हलवून बघताना पेशंट ओरडला, तर 2 वाजलेले असोत, फोन लावा.